कोअर बॉक्स: भरण्यापासून लायब्ररीत सोपवण्यापर्यंत

बोअरमधून आलेला दगडाचा दंडगोल, म्हणजे कोअर, कोणत्या खोलीवरचा आहे हे सांगता आलं नाही, तर त्याला काहीच किंमत उरत नाही. भंडाऱ्याचं मँगनीज असो, ठाणेवासनाचं तांबं असो की सुरजागडचं लोहखनिज, कोअर सांभाळण्याचे बहुतेक नियम खोली जपण्यासाठीच आहेत. ती चुकते ती बहुधा ड्रिलिंग मशीनजवळ, पहिल्या तासाभरात.

बॉक्स लांबीने आडवा समोर ठेवा. कोअर डावीकडून उजवीकडे आणि वरच्या खणातून खालच्या खणात, पुस्तकाच्या ओळी वाचतो तसा लावा. नांगराच्या तासासारखा उलटसुलट वळवू नका. सुरुवातीचा कोपरा रंगाने दाखवा आणि प्रत्येक लांब तुकड्यावर खालच्या दिशेचा बाण काढा. गाळ पाण्याने धुवा, पण वरच्या कुजलेल्या, मातकट पट्ट्यावर पाण्याचा झोत मारू नका. तिथे मऊ ब्रश पुरे. खणात बसवण्यासाठी तुकडा हातोडीने तोडावा लागला, तर तोडलेल्या दोन्ही टोकांवर फुली मारा. ती नसेल तर आरक्यूडी, म्हणजे दगडाच्या अखंडपणाची टक्केवारी, काढणारा त्या तोडीला नैसर्गिक भेग समजतो आणि 10 सेंमीपेक्षा लांब तुकड्यांची बेरीज चुकते.

रन, म्हणजे एका फेरीत खणलेली लांबी, संपला की लगेच खोली लिहिलेला ठोकळा ठेवा, नंतर आठवून नाही. समजा 42.00 ते 45.00 मीटरच्या रनमध्ये 2.70 मीटर कोअर मिळाला: रिकव्हरी 90 टक्के. पुढच्या 3 मीटरच्या रनमध्ये 3.20 मीटर आला, तर आधीच्या रनचा 20 सेंमीचा बुंधा तळाशी राहिला होता का ते पाहा. तुटलेली टोकं एकमेकांत बसवा. नीट जुळली तर तो तुकडा आधीच्या रनमध्ये घ्या. खरी तूट 10 सेंमीच आहे. मात्र टोकं जुळत नसतील, तर आकडे रेटून बसवू नका. आधी रॉड, म्हणजे ड्रिलच्या जोडनळ्या, मोजा. मोजणीत 3 मीटरचा एक रॉड सुटला, की त्यापुढचे सगळे ठोकळे 3 मीटरने चुकतात. म्हणून दर शिफ्ट बदलताना रॉड आणि बॅरलची (कोअर धरणाऱ्या नळीची) एकूण लांबी घ्या, जमिनीच्या वर राहिलेला भाग वजा करा आणि ठोकळ्याशी ताडून पाहा.

आता वजन. एनक्यू आणि एचक्यू ही कोअरच्या जाडीची ठरलेली मापं: एनक्यू कोअरचा व्यास 47.6 मिमी, एचक्यूचा 63.5 मिमी. ग्रॅनाइट किंवा नाइससारख्या दगडात एनक्यू मीटरला सुमारे 5 किलो भरतो, एचक्यू साडेआठ. म्हणजे चार खणांचा एक मीटर लांबीचा एचक्यू बॉक्स 34 किलोंचा होतो. दोन माणसं उचलतात. त्याच बॉक्सात घट्ट हेमॅटाइट (लोहखनिज) भरलं तर तो 60 किलोंवर जातो, तळ वाकतो आणि तुकडे एका खणातून दुसऱ्यात उडी मारतात. लोह आणि मँगनीजच्या पट्ट्यात खण अर्धेच भरा.

तपासणीसाठी कोअर लांबीने अर्धा कापण्याआधी फोटो घ्या: एकदा कोरडा, एकदा ओला, एकाच उंचीवरून, सोबत पट्टी, बोअर क्रमांक आणि खोलीची पाटी. कापल्यावर नेहमी एकाच बाजूचा अर्धा भाग प्रयोगशाळेत पाठवा. आज डावा, उद्या उजवा असं केलं तर हात नकळत चांगली शीर असलेल्या भागाकडे जातो आणि नमुना खोटा ठरतो. कोळशाचं वेगळं आहे: कोअर हवेत राहिला की त्याचा ओलावा उडतो, म्हणून तो लगेच पॉलिथिनमध्ये बांधून पाठवायचा. तो सगळाच तपासणीत संपतो, तेव्हा मागे फोटो आणि लॉग एवढाच पुरावा राहतो.

उरलेला अर्धा भाग आणि खनिज न लागलेला कोअरही ठेवा. नागपूर जिल्ह्यातल्या कुही-खोबना भागात टंगस्टन आहे. तिथला जुना कोअर अंधारात, आखूड लहरींच्या अतिनील दिव्याखाली धरला की शीलाइट हे टंगस्टनचं खनिज निळसर पांढरं चमकतं. फेकलेल्या कोअरवर दिवा धरता येत नाही.

विदर्भात लाकडी बॉक्सना वाळवी लागते, गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचे बॉक्स जास्त टिकतात. मात्र पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) असलेला कोअर पावसाळी दमटपणात आम्ल सोडतो आणि तेच पत्रा खातं. तो प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, कोरडा ठेवा. कागदी चिठ्ठी कसर खाते, मार्करची शाई उडते. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने दाबून बोअर क्रमांक, बॉक्स क्रमांक, पासून-पर्यंत लिहा आणि पट्टी बॉक्सच्या अरुंद बाजूला रिव्हेट करा, म्हणजे रॅकमधून न काढता वाचता येते. साचणाऱ्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच जोतं, खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर, आणि विंचवासाठी हातमोजे.

लायब्ररीत, म्हणजे कोअरच्या साठवणघरात, सोपवताना बॉक्सबरोबर माहितीही द्यावी लागते: बोअरच्या तोंडाचे अक्षांश-रेखांश आणि उंची, दिशा, कल (तिरकेपणा), विचलनाची (बोअर किती वळला त्याची) मोजणी, एकूण खोली, ड्रिलरचा आणि भूवैज्ञानिकाचा लॉग, रासायनिक तपासणी, फोटो. यूटीएम आकडे, म्हणजे नकाशावरची जागा झोनवार मीटरमध्ये, देत असाल तर झोन लिहाच. 78 अंश रेखांशावर झोन बदलतो: अमरावती शहर 43 मध्ये, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली 44 मध्ये. झोन चुकला तर बोअर नकाशावर सहाशे किलोमीटरहून लांब जातो. कोअर किती काळ ठेवायचा आणि कोणाकडे द्यायचा, हे परवान्याच्या आणि कामाच्या आदेशाच्या अटींत पाहा. लेखी परवानगीशिवाय एकही बॉक्स मोडीत काढू नका.

ट्रकमध्ये चढवताना फोमचा थर, झाकण आणि पट्टा लावा, बॉक्स आडवेच ठेवा. उतरवल्यावर दर दहावा बॉक्स देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने मिळून उघडावा, पहिला आणि शेवटचा ठोकळा यादीशी जुळवावा, आणि मगच यादीच्या दोन्ही प्रतींवर सह्या कराव्यात.