ट्रेझर हंटमधला आवाज ओळखायचा कसा (आणि तांबटानं आम्हाला कसं फिरवलं)

गेल्या मे महिन्यात आमच्या गल्लीतल्या पोरांनी ट्रेझर हंट ठेवलं होतं, टू-व्हीलरवर दोघं दोघं, अख्खं बेळगाव फिरायचं. तीन चिठ्ठ्या आरामात सुटल्या. चौथी चिठ्ठीच नव्हती, व्हॉट्सअपवर वीस सेकंदांची क्लिप आली, टुक टुक टुक टुक टुक, आणि खाली लिहिलेलं "हा जिथं वाजतो तिथं या". मी आणि माझा मावसभाऊ, दोघंबी एकदमच म्हटलो, तांब्याची भांडी ठोकायलेत की हे! गाडी काढलो आणि थेट बाजारात भांड्यांच्या दुकानात. तिथल्या मामांना क्लिप ऐकवली तर ते दोन सेकंद ऐकले आणि हसायलाच लागले. "हातोडा न्हवं रे हे, पक्षी हाय. आमच्याच धंद्यातला हाय म्हणा की तो."

तांबट! नावच त्याला त्या आवाजावरून पडलंय आणि आम्ही नावाच्या मूळ मालकाकडं जाऊन उभारलो. आता पक्षी कळला तरी जागा कुठं कळली, तांबट काय बेळगावात झाडागणिक आहे. मग तिथंच दुकानाच्या पायरीवर बसून हेडफोन घालून परत ऐकलो तर टुक टुकच्या मागं, अगदी बारीक, बिगुल वाजायला होता. बिगुल म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, म्हणजे कॅम्प. तिथं पोचेपर्यंत दुसरी टीम चिठ्ठी घेऊन गेली होती.

त्या दिवसापासून मी एकच करतो, क्लिप आली की पुढचा आवाज सोडून द्यायचा आणि मागचा ऐकायचा. पुढचा आवाज ठेवणाऱ्यानं मुद्दाम फसवायलाच निवडलेला असतो, मागचा त्याच्या लक्षातच नसतो. यंदा ज्यांच्याकडं असलं काही आहे त्यांच्यासाठी लिहितोय.

सगळ्यात आधी हेडफोन. मोबाइलच्या स्पीकरवर खालचे जाड आवाज, म्हणजे घरघर, गुणगुण वगैरे येतच नाहीत. आणि क्लिप व्हॉइस नोट म्हणून आली असेल तर ठेवणाऱ्याला सांगा की बाबा डॉक्युमेंट म्हणून पाठव, व्हॉइस नोटमध्ये फाइल दाबून लहान होते आणि पहिलं मरतं ते मागचं बारीक सारीक. मग तीनदा ऐका. पहिल्यांदा नुसतं. दुसऱ्यांदा घड्याळ लावून, मिनिटाला किती ठोके पडतात ते मोजायचं. तिसऱ्यांदा पुढचा आवाज नाहीच असं धरून. आणि ह्या तिन्ही वेळा टीममध्ये कोणीही "हे अमुक आहे" म्हणायचं नाही, एकदा कोणीतरी भांडी म्हटलं की सगळ्यांना भांडीच ऐकू येतात, आमचं तेच झालं.

मोजण्याचं सांगतो. तांबट मिनिटाला शंभराच्या वर ठोके टाकतो आणि एकसारखे, घड्याळासारखे. वडगाव-खासबागकडचा पॉवरलूमबी मिनिटाला शंभराच्या वरच जातो आणि तोबी एकसारखाच, म्हणून नुसत्या मोजण्यावर विश्वास ठेवू नका. फरक आवाजाच्या पोटात आहे. मागात धोटा इकडून तिकडं फेकला जातो त्याची खाडकन् थप्पड, फणीचा धक्का, मोटरची घरघर, सगळं एकात एक मिसळलेलं असतं, आणि विणकरांच्या गल्लीत एकटा माग कधी वाजत नाही, शेजारचा वेगळ्या लयीत चालूच असतो. तांबटाचा सूर स्वच्छ, एकच. ठोका पडला की संपला, मागं घुमत नाही. तांब्याच्या भांड्यावर हातोडा पडला तर ते घुमणारच, शिवाय माणूस भांडं फिरवतो, थांबतो, घाम पुसतो, लय मोडते. आणखी एक, तांबट चोच बंद ठेवून गळा फुगवून वाजवतो आणि मान इकडं तिकडं वळवतो, त्यामुळं आवाज जवळ आल्यासारखा, लांब गेल्यासारखा वाटतो, पक्षी मात्र जागचा हललेला नसतो.

कानाला कळत नसेल तर डोळ्यांनी बघा. ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात क्लिप टाकली आणि स्पेक्ट्रोग्राम लावला की आवाजाचं चित्र दिसतं. डावीकडून उजवीकडं वेळ, खालून वर सुराची पट्टी. तांबट म्हणजे एकाच उंचीवर ओळीनं ठिपके. धातूवर ठोका म्हणजे एकाच वेळी खाली-वर चार-पाच रेघा, आणि त्या हळूहळू विझत जातात. पक्षी आहे एवढं कळलं तर मर्लिन किंवा बर्डनेट ॲपला ऐकवा, पण ॲपनं नाव सांगितलं म्हणून गाडी काढू नका, झेनो-कँटो साइटवर त्या पक्ष्याची रेकॉर्डिंग आहेत, दोन-तीन लावून जुळवून बघा.

त्याच चित्रात तळाला एक सरळ आडवी रेघ दिसते का बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० फेरे, आणि ट्रान्सफॉर्मरचा गाभा एका फेऱ्यात दोनदा ताणला जातो म्हणून त्याची गुणगुण १०० हर्ट्झवर येते. १०० ला रेघ असली की जवळपास डीपी, म्हणजे गल्लीतला ट्रान्सफॉर्मर आहे किंवा मोटर चालू आहे. पण रेघ १२० वर दिसली तर समजा की ठेवणाऱ्यानं आळस केलाय, ती ६० हर्ट्झवाली अमेरिकेकडची वीज, क्लिप नेटवरून उचललेली आहे, मग मागचे आवाज ऐकून काय उपयोग नाही, नुसतं काय वाजायलंय तेवढंच बघायचं. मी हे एकदा पकडून दाखवलो तर ठेवणारा दोन दिवस बोलला नाही.

रेल्वेचा हॉर्न असला तर टीम लगेच स्टेशनवर पळते. थांबा जरा. गाडी तुमच्यासमोरून पुढं गेली तर हॉर्नची पट्टी उतरते, ताशी ७२ किलोमीटरनं जाणारी गाडी असेल तर साधारण रे वरून सा वर. पेटी शिकलेलं कोणी टीममध्ये असलं तर लगेच सांगेल. पट्टी अशी उतरली म्हणजे गाडी जोरात चाललीय, रेकॉर्ड करणारा रुळाशेजारी कुठंतरी उभा आहे, टिळकवाडीतलं एखादं गेट म्हणा नाहीतर देसूरच्या पुढं. पट्टी तशीच राहिली तर गाडी थांबलेली किंवा हळू आहे, तेव्हा स्टेशन. अनाऊन्समेंट पुसट ऐकू येत असेल तर भाषा बघा, कन्नड-हिंदी-इंग्रजी असेल तर आपल्याकडचं, मराठी ऐकू आली तर क्लिप मिरजेकडची, आणि एवढ्या लांबचा क्लू कोण ठेवेल सांगा.

बसचंबी तसंच. कंडक्टरची शिट्टी एकदा वाजली तर थांब, दोनदा वाजली तर चल. क्लिपमध्ये दोन शिट्ट्या आणि मग इंजिन ओढल्याचा आवाज असेल तर स्टॉपवरून बस सुटायलीय.

घंटेचं थोडक्यात. देवळातली घंटा येणारा जाणारा माणूस वाजवतो, एक पोर उडी मारून हळूच, एक काका दणक्यात, त्यामुळं कधी जोरात कधी बारीक, मधे अंतर कसंबी. चर्चची दोरीनं ओढतात, ती झोक्यासारखी एका लयीत येते. शाळेत रुळाचा तुकडा टांगलेला असतो, टण्ण करून लगेच बसतो.

प्रतिध्वनी आला तर मोजा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, जाऊन परत यायचं म्हणजे अर्ध्या सेकंदानं परत आला तर भिंत ८५ मीटरवर. किल्ल्याच्या खंदकाजवळ उभारून टाळी मारून बघा, मजा येते.

गावाबाहेर खानापूर, जांबोटीकडं हंट असेल तर आधी महिना विचारा. एप्रिल-मेमध्ये तिकडच्या जंगलात रातकिड्यांसारखं पण भर दिवसा, कानठळ्या बसतील असं किर्रर्र वाजतं, ते सिकाडा नावाचे किडे, कितीजण त्याला करवतीची मशीन समजतात. पहाटे कोणीतरी उनाड पोरगा शीळ घालायलाय असं वाटलं तर तो शीळकरी कस्तूर असतो, ओढ्याकाठी शोधा. आणि पाऊस असला तर छपराचा आवाज ऐका, कौलावर तो बसका लागतो, पत्र्यावर ताशा वाजतो.

दोन गोष्टी सांभाळा. कॅम्पात लष्कराच्या गेटजवळ मोबाइल काढून रेकॉर्डिंग करत उभारू नका, चिठ्ठी मिळायच्या आधी चौकशी व्हायची. आणि रुळावर उतरू नका, गेटच्या अलीकडूनच ऐका.

अडलातच तर ज्याचा तो धंदा आहे त्याला ऐकवा. वडगावातल्या विणकर काकांना मागाचा आवाज ऐकवला तर कदाचित माग कुठल्या जातीचा तेबी सांगतील. आमची आजी मिक्सर, रगडा आणि जातं दाराबाहेरून ओळखते, वर रगड्यात तांदूळ आहेत का उडीद तेबी सांगते, आता ती दर वर्षी आमच्याच टीममध्ये, बाकीचे ओरडतात, ओरडू देत.

जागेवर पोचलात की लगेच चिठ्ठी शोधायला लागू नका. एक मिनिट गप्प उभारा, मग क्लिप लावा, मागचे आवाज जुळतात का बघा. एक कानात क्लिप, एक कान मोकळा. जुळले तर झाडाच्या बुंध्याकडं बघा, आमच्याकडचे ठेवणारे तिथंच खिळा मारून चिठ्ठी अडकवतात.