लेकराला घेऊन होडी, तंबू अन् गळ : नागपूरहून एका रात्रीचा प्लॅन कसा करायचा

सगळ्यात आधी जागा, कारण इथंच लोक चुकतात. पेंचच्या तोतलाडोह धरणाचं पाणी कितीही भारी दिसलं तरी ते नॅशनल पार्कात आहे, तिथं गळ टाकणं अन् मनाने तंबू ठोकणं दोन्ही बेकायदेशीर, तो विचार सोडाच. त्यापेक्षा रामटेकजवळचा खिंडसी तलाव बघा, नागपूरहून साधारण ५० किलोमीटर, बोटिंगची सोय आहे. पण मासेमारी बहुतेक तलावांवर मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने असते, म्हणून आधी काठावरच्या ढिवर भावांना भेटा, परवानगी घ्या, पैसे ठरवा. कुठल्या बाजूला पाण्याखाली झाडांची खोडं आहेत, वारा कुठून येतो, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. तंबू एकट्या काठावर नको, त्या पट्ट्यात वाघ-बिबट्या फिरतात. रिसॉर्टच्या आवारात किंवा ओळखीच्या शेतमालकाच्या वावरात, माणसं असतील तिथंच लावा.

टाइम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबरात रात्री पारा १० च्या खाली जातो तेव्हा लेकराची स्लीपिंग बॅग चांगली पाहिजे, अन् खाली जाड मॅट, कारण थंडी जमिनीतूनच चढते. मे महिन्यात जाऊच नका, ४५ डिग्रीत कोणालाच मजा येत नाही.

आता लाइफ जॅकेट, यात मी अजिबात तडजोड करत नाही. मोठ्यांचं जॅकेट लेकराला चालत नाही. घालून सगळे बक्कल लावा, मग दोन्ही खांद्यांच्या पट्ट्या धरून लेकराला वर उचलून बघा, जॅकेट कानापर्यंत सरकलं तर पाण्यातही तसंच डोक्यावरून निघेल, म्हणजे ते मोठं आहे, दुसरं घ्या. पायांमधून जाणारी पट्टी असेल तर उत्तमच. अन् होडीवाल्याकडे लेकराच्या मापाचं असेलच असं नाही, म्हणून आपलं घेऊन जा.

दोघांच्या कॅनू किंवा कयाकमध्ये लेकरू पुढे, तुम्ही मागे, कारण होडी मागूनच वळवता येते. सामान मधोमध अन् तळाला, बांधलेलं. पहिल्याच दिवशी कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम होडी उलटवून बघा, लेकराला "होडी धरून ठेव, सोडायची नाही" हे करून दाखवा, एकदा जमलं की त्याची अर्धी भीती जाते. सकाळी लवकर पाण्यात उतरा अन् अकराच्या आत काठावर या, नंतर वारा सुटतो. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा म्हणजे थकल्यावर परत येताना वारा ढकलतो. किती अंतर मारायचं हे लेकराच्या हातांनी ठरवू द्या, त्याने वल्हं खाली ठेवलं की फिरा.

मासेमारीला रील-बील काही नको, बांबूची काठी, दोरा, छोटा गळ, फ्लोट अन् गांडूळ बस. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, बोटात घुसला तरी सरळ निघतो. रोहू-कटल्याच्या मागे लागू नका, काठाजवळ चिलापी (तिलापिया) लागते, लवकर लागते, अन् लेकराला तेच पाहिजे असतं, फ्लोट बुडताना बघायचं. फक्त शिंगी लागली तर लेकराला हात लावू देऊ नका, तिच्या काट्यात विष असतं, खूप ठणकतं. टोचलीच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा अन् डॉक्टरकडे न्या. गरम पाणी किती आहे ते आधी स्वतःच्या हाताने बघायचं, लेकराची कातडी लवकर भाजते.

जेवायला रोडगे अन् वांग्याची भाजी, गोवऱ्या घरून न्या, रान तोडू नका. निखाऱ्यावर पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत विझवा. निघण्याआधी घरी एकाला अन् काठावर एकाला सांगून ठेवा, कुठे जातोय अन् किती वाजता परतणार, मोबाइल तिथं चालेलच याचा भरवसा धरू नका.