रविवारी मसाई पठार, म्हणून शुक्रवारी सीट

पन्हाळ्यापर्यंत डांबर आहे, तिथवर सायकलची सीट वर असली काय नि खाली असली काय, फारसं बिघडत नाही. खरी गोष्ट म्हाळुंग्याच्या पुढं पठारावर चढलं की सुरू होते. वर सपाट जांभा, नंतर कुंभारवाडीकडं उतरताना सुटे दगड आणि पावसानं खणलेले चर. तिथं सीट पोटात घुसत राहिली तर वजन मागं टाकता येत नाही आणि माणूस हँडलवरून पुढं जातो. ड्रॉपर पोस्ट, म्हणजे चालत्या सायकलवर खाली-वर करता येणारी सीटखालची नळी, त्यासाठीच. अंगठ्यानं लिव्हर दाबून बसलं की सीट खाली, नुसता दाबला की वर. आत दाबलेला गॅस आणि तेल असतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी माझी पोस्ट हातात घेतल्या घेतल्या ओळखली, "अहो, ही तर ऑफिसच्या खुर्चीची नळी!" लगेच दुसरं वाक्य, "लेथवर धरून उघडू काय?" पहिलं वाक्य बरोबर होतं. दुसऱ्याला मी नको म्हटलं, आणि ते बरंच केलं.

शुक्रवार अशासाठी की काही सापडलंच तर शनिवारी दुकानं उघडी असतात. शनिवारी रात्री अकराला सीट खाली बसून राहिली तर कोण दार उघडणार?

सुरुवात पुसण्यापासून. सीट पूर्ण वर घ्यायची आणि आतला चकचकीत दांडा, तो जिथं जाड नळीत शिरतो ती सीलची कड, मऊ ओल्या फडक्यानं पुसायची. जांभ्याची तांबडी माती वाळली की पिठासारखी होते आणि सीलच्या ओठाखाली जाऊन बसते. पोस्ट खाली-वर होताना तीच माती दांड्यावर पॉलिश पेपरसारखी घासते. गाडी धुताना सीट वरच ठेवायची, पण पाण्याचा फवारा सीलवर थेट मारायचा नाही. आणि आपल्याकडं कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूवर स्प्रे मारायची जी सवय आहे, ती इथं आवरायची. डब्ल्यूडी-४० आतलं ग्रीस धुऊन काढतं. दोन दिवस पोस्ट लोण्यासारखी चालते, तिसऱ्या दिवशी कोरडी पडते.

पुसून झालं की दहा वेळा खाली-वर करून बघायचं. बघायचं म्हणजे ऐकायचं पण. पूर्ण वर गेल्यावर ठक् असा आवाज यायला हवा. वर येता येता शेवटच्या दोन बोटांवर रेंगाळत असेल, मध्येच थांबत असेल, लिव्हर सोडला तरी सरकत असेल, तर काहीतरी आहे. आता घाबरायचं नाही आणि लगेच पोस्ट उघडायची तर मुळीच नाही. निम्म्याहून जास्त वेळा दोष पोस्टच्या बाहेर असतो.

हे मला महागात पडून कळलं. मागच्या एका ऑक्टोबरात मसाईदेवीच्या देवळापाशी सीट खाली गेली ती वर येईना. पन्हाळ्यापर्यंत गुडघे छातीला लावून आलो, सर्कशीतल्या अस्वलासारखा. घरी येऊन रात्रभर नव्या कार्ट्रिजच्या, म्हणजे आतल्या गॅस-तेलाच्या बंद नळीच्या, किमती बघितल्या. सकाळी सहज फ्रेमवर पोस्ट धरून ठेवणाऱ्या सीट क्लॅम्पचा बोल्ट पाव आटा सैल केला, तर सीट टुणकन् वर! आदल्या दिवशी मीच लांब एलन कीनं जीव खाऊन आवळला होता. क्लॅम्प जास्त आवळला की बाहेरची नळी किंचित दबते आणि आतला दांडा बुशमध्ये, म्हणजे तो ज्यातून सरकतो त्या कड्यात, अडकतो. साधी पोस्ट हे सहन करते, ड्रॉपर करत नाही. म्हणून क्लॅम्प टॉर्क रेंचनंच, म्हणजे किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्यानंच. सहसा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं, पण आकडा तुमच्या फ्रेमच्या आणि पोस्टच्या कंपनीनं दिलेला धरायचा. दोन आकडे वेगळे असतील तर कमी तो. तेवढ्यात पोस्ट फ्रेममध्ये घसरत असेल तर आणखी आवळण्याऐवजी नळीला कार्बन पेस्टचा पातळ हात द्यायचा. त्यातल्या बारीक कणांमुळं कमी आवळून पकड मिळते.

क्लॅम्प निर्दोष निघाला तर केबल. मोटरसायकलच्या क्लचसारखंच गणित आहे: लिव्हरला एक-दोन मिलिमीटर मोकळी चाल हवी. केबल ताणलेली असेल तर पोस्टचं कुलूप पूर्ण बसत नाही आणि सीट हळूहळू सरकते. ढिली असेल तर कुलूप पूर्ण उघडत नाही, मग लिव्हर दाबूनही सीट आळस देते. लिव्हरपाशी फिरवायचा नट असतो, तो अर्धा अर्धा आटा फिरवून दर वेळी बघायचं. तरीही जमेना तर खरी परीक्षा: पोस्ट फ्रेममधून काढायची, खालच्या टोकाची केबल सोडवायची आणि तिथला खटका हातानं दाबायचा. सीट झपकन् वर आली, तर पोस्ट ठणठणीत आहे आणि केबल दोषी. खटका दाबूनही सुस्त, तर दोष आत. या एका परीक्षेनं कित्येकांचे पैसे वाचतील.

पोस्ट वर ओढताना मात्र घाई नको. केबलचं आऊटर, म्हणजे बाहेरचं आवरण, फ्रेमच्या आतून गेलेलं असतं, तेव्हा एका हातानं पोस्ट ओढायची आणि दुसऱ्या हातानं हँडलच्या बाजूनं आऊटर आत सारत राहायचं. परत बसवताना उलट. नाहीतर पायडलच्या वळणापाशी आऊटर मोडतं आणि आपणच नवा दोष तयार करतो. पोस्ट निघालीच आहे तर फ्रेम उलटी करून बघा. पावसाळ्यानंतर माझ्या फ्रेममधून पेलाभर तांबडं पाणी निघालं होतं. त्या पाण्यातच इनर, म्हणजे केबलची आतली तार, गंजते. गंज दिसला तर इनर बदलायची, तेल सोडून वेळ मारून न्यायची नाही. गियरची साधी इनर चालते.

आता आतलं काम. वरची कॉलर हातानं किंवा पट्ट्याच्या पान्यानं उघडायची, पकडीनं नाही. सील आणि बुश वर सरकवून जुनं काळं ग्रीस पुसायचं आणि सस्पेन्शनसाठी मिळतं ते पातळ ग्रीस लावायचं. गॅरेजमधलं घट्ट चॅसी ग्रीस भरलं की सीट म्हशीसारखी उठते. दांड्याच्या खाचांत पितळी पट्ट्या असतात, त्या सीटला गोल फिरू देत नाहीत. सीटचं टोक धरून हलवलं तर थोडी चाल नव्या पोस्टलाही असते. ती वाढली असेल तर पट्ट्या झिजल्या. त्या मापानुसार मिळतात, जुन्यांवरचं माप बघूनच मागवायच्या. काही पोस्टना हवेचा वॉल्व्ह असतो. त्यात शॉक पंपानं (सस्पेन्शनमध्ये हवा भरायचा पंप) कंपनी सांगते तितकीच हवा भरायची आणि पोस्ट उघडायच्या आधी ती सगळी सोडायची. बंद कार्ट्रिज मात्र उघडायचं नाही, भोक पाडायचं नाही, लेथवर तर धरायचंच नाही. आत मोठ्या दाबाचा वायू असतो. मिस्त्रींना नको म्हटलं ते यासाठी.

सीट वर राहते पण बसल्यावर स्पंजसारखी बोटभर दबते, हा प्रकार वेगळा. तेलात वायू मिसळला की असं होतं. काही पोस्ट पूर्ण खाली-वर दहा-वीस वेळा केल्यावर सुधारतात, बाकीच्यांना नवं कार्ट्रिज. बऱ्याचदा कारण आपलंच असतं: सीट खाली असताना तिला धरून गाडी उचलणं किंवा टांगणं. बांधावरून गाडी पलीकडं द्यायची तर फ्रेमला धरून द्या.

सीटखालचे दोन बोल्ट एकदा तपासा. कुरकुर बहुतेक तिथूनच येते आणि नाव पोस्टचं खराब होतं.

पिशवीत काय? एलन कीचा संच, एक गियर इनर, फडकं, चार केबल टाय आणि पीव्हीसी पाईपचा एक तुकडा. पाईपला हसू नका. सीट पूर्ण वर असताना दिसणाऱ्या दांड्याची लांबी मोजायची, तेवढाच तुकडा कापायचा आणि एका बाजूनं उभा चिरायचा. लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानात दांडा पुढं करून "यावर बसंल असा द्या" म्हटलं की काम होतं. पठारावर सीट वर थांबेनाशी झाली तर तो तुकडा दांड्यावर चढवायचा, आतून जुन्या ट्यूबची पट्टी, बाहेरून केबल टाय. सीट साध्या पोस्टसारखी वर राहते आणि बसून घरी येता येतं. केबल तुटली तर पाईपचीही गरज नाही, सीट असेल तिथं अडकून राहते. फक्त ती वर असताना तुटावी एवढीच ज्योतिबाला विनंती.

सोबतचे डांबरवाले मित्र विचारतातच, खाली-वर होणारं हे खेळणं कशाला? त्यांना इटलीतली २०२२ची मिलान-सान रेमो शर्यत सांगायची. मातेय मोहोरिचनं रोडच्या सायकलला ड्रॉपर लावून शेवटच्या पोज्जो टेकडीचा उतार मारला आणि शर्यत जिंकली. मग ते गप्प बसतात, किंवा मिसळ कुठं खायची यावर येतात.

रविवारी पहाटे रंकाळ्यावर सगळे जमेपर्यंत पुन्हा पाच वेळा खाली-वर. शेवटची वर. बोल्टला हात लावायचा नाही.