एक्स्टेंशन बोर्ड: दुरुस्ती आणि चाचणी घरच्या घरी

चवथ जवळ आली की माळ्यावरचा एक्स्टेंशन बोर्ड खाली उतरतो. मखरावरच्या दिव्यांच्या माळा, पंखा, आरतीचा माइक, सगळा भार त्याच्यावर. गोव्याच्या पावसाळी हवेत महिनोन्‌महिने पडून राहिलेला हा बोर्ड पुसून थेट लावला जातो आणि दिवे लागले की तो ठीक आहे असं आपण धरून चालतो. पण दिवे लागायला फेज आणि न्यूट्रल या दोनच तारा पुरतात. अर्थिंगची तिसरी तार तुटली तरी काहीही बंद पडत नाही. इस्त्रीच्या किंवा मिक्सरच्या धातूच्या भागात करंट उतरला, की हात लावणाऱ्यालाच ते कळतं. म्हणून दुरुस्तीनंतरची चाचणी टाळू नका.

सुरुवातीला प्लग भिंतीतून काढून हाताशी ठेवा. नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही. जुन्या घरांत स्विच चुकून न्यूट्रलवर बसवलेला असतो आणि तो बंद असतानाही फेज बोर्डापर्यंत पोचतो.

आता उजेडात बसून पूर्ण वायर बोटांमधून सरकवत न्या. चीर, उंदरानं कुरतडलेली जागा, मऊ किंवा चेपलेला भाग लगेच हाताला लागतो. प्लगच्या पिना पाहा. किनाऱ्याजवळच्या घरांत खाऱ्या वाऱ्यानं पितळेवर हिरवट थर चढतो. कोरड्या फडक्यानं तो निघाला तर ठीक; पिन काळी पडली असेल किंवा तिला खड्डे पडले असतील तर प्लग बदला. सॉकेटचं प्लास्टिक तपकिरी झालंय किंवा वितळलंय, तर बोर्डच टाकून द्या. वायर मध्येच कापली गेली असेल तर टेप गुंडाळून जोड देऊ नका. खराब तुकडा काढून टाका आणि वायर आखूड करून वापरा, नाहीतर नवी घाला.

नवी वायर तीन कोरची, म्हणजे आत तीन तारा असलेली, आयएसआय मार्कची घ्या. तीन पिनांचा प्लग आणि आत दोनच कोरची वायर, असे बोर्ड सर्रास विकले जातात. त्यांच्यात अर्थिंगची फक्त पिन असते, तार नसते. 6 अँपिअरच्या बोर्डाला 1 चौरस मिलिमीटरची वायर चांगली. 230 व्होल्टला त्यावर एकूण 1380 वॅटपर्यंतच भार चालतो, म्हणजे गीझर किंवा इंडक्शन शेगडी त्यावर लावायचीच नाही.

झाकण उघडल्यावर आधी मोबाइलवर फोटो काढा. मग स्क्रू सोडवा. जळालेल्या जागी तांबं काळं आणि ठिसूळ झालेलं असतं, कधी आवरणही दोन-तीन इंच कडक झालेलं असतं. आत लखलखीत लालसर तांबं दिसेपर्यंत वायर कापत जा; काळ्या तांब्यावर स्क्रू कितीही आवळला तरी ती जागा पुन्हा तापते. टोक साधारण 6 ते 8 मिलिमीटर सोला, सगळे तंतू पीळ देऊन स्क्रूखाली घाला, एकही बाहेर राहू देऊ नका. टोकाला शिसं (सोल्डर) लावू नका, दाबाखाली ते हळूहळू पसरतं आणि जोड ढिला होतो.

तपकिरी तार फेजला, निळी न्यूट्रलला, हिरवी-पिवळी अर्थिंगला. जुन्या वायरमध्ये लाल, काळी आणि हिरवी. प्लगमध्ये एल (फेज), एन (न्यूट्रल), ई (अर्थ) ही अक्षरं कोरलेली असतात, त्यांच्यावर भरवसा ठेवा. बोर्डावरचा स्विच फेजवरच हवा. अर्थिंगची तार थोडी लांब ठेवा, म्हणजे वायरला हिसका बसला तर ती सर्वांत शेवटी सुटेल. वायरचा क्लॅम्प बाहेरच्या जाड आवरणावर बसला पाहिजे, आतल्या बारीक तारांवर नाही.

झाकण बसवा आणि मगच मल्टिमीटर घ्या, कारण झाकणाखाली तार चेपली तर दोष तेव्हाच तयार होतो. प्लग अजून भिंतीबाहेरच. मीटर ओहमवर ठेवून प्लगची जाड अर्थ पिन आणि प्रत्येक सॉकेटचं वरचं छिद्र तपासा. प्रोब, म्हणजे मीटरच्या वायरचं टोक, आत नीट टेकत नसेल तर एक सुटा तीन-पिनी प्लग उघडून सॉकेटमध्ये घाला आणि त्याच्या स्क्रूंवर प्रोब टेकवा. दोन्ही प्रोब एकमेकांना लावून येणारा आकडा वजा केल्यावर 5 मीटरच्या 1 चौरस मिलिमीटर वायरला सुमारे 0.1 ओहम उरतो. हे मोजताना वायर दोन्ही टोकांशी हलवत राहा. आकडा उड्या मारू लागला तर आत कुठेतरी तार तुटत आलीय. न्यूट्रलचं आणि स्विच चालू करून फेजचंही असंच पाहा. मग फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ या जोड्या तपासा. त्यांच्यात जोडणी दिसता कामा नये. ओल शिरल्याचा संशय असेल तर वायरमनकडून 500 व्होल्टच्या मेगरनं, म्हणजे तारांचं आवरण करंट रोखतं का ते मोजणाऱ्या मीटरनं, तपासून घ्या. फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थशी मोजल्यावर निदान 1 मेगाओहम यायला हवा.

यानंतरच प्लग लावायचा, तोही 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज आपोआप तोडणारा स्विच) असलेल्या सर्किटवर. त्याचं टेस्ट बटण आधी दाबून पाहा. ते दाबून आरसीसीबी पडला म्हणजे यंत्र चालतंय एवढंच कळतं, अर्थिंग आहे की नाही ते कळत नाही. वायर पूर्ण उलगडून 1000 वॅटची इस्त्री पंधरा मिनिटं चालवा. नंतर इस्त्री बंद करा, भिंतीवरचा स्विचही बंद करा आणि प्लगला बाहेरून हात लावा. कोमट असेल तर चालेल. चटका बसला किंवा जळका वास आला तर कुठलातरी स्क्रू ढिला आहे किंवा सॉकेटची पकड गेली आहे, तेव्हा पुन्हा उघडा.

वापरतानाही वायरचं वेटोळं तसंच ठेवू नका, आत उष्णता कोंडते. मांडवात बोर्ड ओल्या जमिनीवर न ठेवता खांबाला बांधा. जो बोर्ड चाचणीत नापास झाला त्याचा प्लग कापूनच तो फेका, नाहीतर कुणीतरी तो उचलून पुन्हा लावेल.