टँकरवर पहिल्यांदा चाललाय? लोडिंगच्या वेळी हे सांभाळा

खानापूर, निपाणी, चिकोडीकडून मर्चंट नेव्हीत गेलेल्या आणि आता ऑईल टँकर मिळालेल्या पोरांसाठी लिहितोय. १९८९ ला अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ हे तेलाचं जहाज खडकावर चढलं तेव्हापासून डबल हल (जहाजाचं दुहेरी कवच) वगैरे नियम आले, ते चांगलंच झालं, पण डबल हल काय डेकवर सांडलेलं तेल अडवत नाही, ते काम तुमचंच.

होज जोडायच्या आधी सगळे स्कपर प्लग (डेकवरचं पाणी समुद्रात सोडणाऱ्या भोकांची बुचं) घट्ट मारा. पावसाचं पाणी साचलं म्हणून कोणतरी एक काढतो आणि परत लावायचं विसरतो, म्हणून फेरी मारताना प्रत्येक प्लग हाताने हलवून बघा. मॅनिफोल्डखालचा (होज जिथं जहाजाच्या पाईपला जोडतात त्या जागेखालचा) ड्रिप ट्रे रिकामा पाहिजे. किनाऱ्यावरच्या माणसासोबत चेकलिस्ट भरताना नुसत्या टिका मारू नका, इमर्जन्सी स्टॉप कोण दाबणार, वॉकीटॉकीवर कुठला चॅनल, हे तोंडाने बोलून घ्या की.

सुरुवात स्लो. आयजी (इनर्ट गॅस, आग लागू नये म्हणून टँकमध्ये भरतात तो कमी ऑक्सिजनचा गॅस) नसलेल्या टँकमध्ये तर इनलेट तेलात बुडेपर्यंत पाईपमधला वेग सेकंदाला १ मीटरच्या वर नको, तेल उडालं की स्टॅटिक तयार होतं आणि वर गॅस असतोच. आयजी असेल तर टँकमधला ऑक्सिजन ८ टक्क्यांच्या आत आहे का ते बघत राहायचं.

खरी गडबड होते शेवटी, टॉपिंग ऑफला, म्हणजे टँक वरपर्यंत भरताना. टँक भरत आला म्हणून घाईने व्हॉल्व्ह बंद करायचा नाही, आधी पुढच्या टँकचा उघडायचा मग हा बंद, कारण किनाऱ्याचा पंप चालू असताना सगळे बंद झाले की प्रेशर होजवर येतं आणि होज फाटतो. रेट कमी करा हे किनाऱ्याला आधीच कळवा, शेवटच्या मिनिटाला नाही. गेजवर पूर्ण भरवसा ठेवू नका, पोर्टेबल टेपने अलेज (तेलाच्या वर टँकमध्ये उरलेली रिकामी उंची) ताडून बघा. मोबाईल केबिनमध्येच, आईचा फोन आला तरी.

आता टँकमध्ये उतरणं. आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडून बघतात तसंच हे, फक्त इथं कंदील नाही, मीटर. ऑक्सिजन २०.९ टक्के, ज्वलनशील गॅस एलईएलच्या (गॅस पेट घेऊ शकतो त्या किमान प्रमाणाच्या) १ टक्क्याखाली, एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड, विषारी गॅस) चेक, वर परमिट आणि तोंडाशी एक माणूस उभा. खाली कोण पडला तर त्या वरच्याने आत उडी मारायची नाही, अलार्म द्यायचा. बरेचदा वाचवायला गेलेलाच मरतो. फिल्टरवाला मास्क तिथं चालत नाही, बीए सेट (पाठीवरच्या सिलिंडरमधून हवा देणारा श्वसनसंच) घातलेली टीमच आत जाणार.