रूपांतरित जुन्या लष्करी रायफलीचे कॅलिबर कसे ओळखावे

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांतील मालगुजारांच्या वाड्यांत आणि जंगलालगतच्या जुन्या शिकारी घराण्यांत पणजोबांच्या काळातील एखादी रायफल अजूनही सापडते. ती बहुधा मूळची लष्करी असते. पुढे कोणीतरी तिची नळी कापलेली, बदललेली किंवा आतून खरवडून मोठी केलेली असते. अशा रायफलीवर कोरलेला मजकूर ती पूर्वी काय होती एवढेच सांगतो. आज तिचे कॅलिबर (नळीचा आतला व्यास आणि त्याला बसणारे काडतूस) काय आहे, हे फक्त नळी आणि चेंबर (नळीच्या मागच्या टोकाचा, काडतूस बसण्याचा भाग) यांच्या मापावरूनच ठरवता येते. रायफलीसोबत ट्रंकेत मिळालेली काडतुसे किंवा घरात चालत आलेली समजूत हा पुरावा धरू नये.

आधी कागद पाहावेत. परवानाधारकाचे निधन झाले असेल आणि वारसाच्या नावे परवाना नसेल, तर शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. पुढे दिलेली मापे परवानाधारक बंदूक कारागिराकडूनच घ्यावीत. रायफल रिकामी आहे याची खात्री बोल्ट (मागे-पुढे सरकणारी कडी) किंवा ब्रीच (नळीचे मागचे तोंड) उघडून, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहून आणि बोटाने चाचपून करावी. ठासणीची बंदूक असेल तर लाकडी गज नळीत तळापर्यंत सोडून तोंडापाशी खूण करावी आणि तोच गज नळीला बाहेरून लावून पाहावा. गजाचे टोक बत्तीच्या छिद्राच्या (बारुदाला ठिणगी पोचवणाऱ्या मागच्या छिद्राच्या) बरेच अलीकडे थांबत असेल, तर जुना बार आत तसाच आहे असे समजून हात काढून घ्यावा.

त्यानंतर शिक्के वाचावेत. ली-एनफिल्डच्या (ब्रिटिश सैन्याच्या .३०३ रायफलीच्या) दस्त्याजवळील धातूच्या कड्यावर उजव्या बाजूस मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, वर्ष आणि मार्क (नमुन्याचा क्रमांक) असतो. बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्यातील ब्रिटिशकालीन रायफलींवर ‘जी.आर.आय.’ ही अक्षरे दिसतात. इंग्लंडमध्ये नागरी विक्रीसाठी तपासलेल्या नळीवर ‘.३०३, २.२२२, १८.५ टन’ असा ठसा आढळतो. त्यात अनुक्रमे कॅलिबर, पुंगळीची (काडतुसाच्या धातूच्या कवचाची) इंचांतील लांबी आणि दर चौरस इंचावरचा दाब सांगितलेला असतो. मात्र कड्यावरचे वर्ष कड्याचे असते. नळी नंतर बदललेली असेल, तर ते वर्ष तिला लागू होत नाही.

आपल्याकडे तीन रूपांतरे विशेष ध्यानात ठेवावीत. पहिले, ली-एनफिल्डची .४१० मस्केट: पहारेकऱ्यांसाठी नळी आतून गुळगुळीत केलेली आणि मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवून एकबारी केलेली. तिचे काडतूस .३०३ च्या पुंगळीवरून, मान (पुढचा अरुंद भाग) न काढता, बनवलेले होते, म्हणून बाजारातील साधे .४१० छऱ्याचे काडतूस तिच्यासाठीच आहे असे मानू नये. दुसरे, .३१५ स्पोर्टिंग रायफल: .३०३ नागरिकांसाठी प्रतिबंधित असल्याने ली-एनफिल्डच्याच यंत्रणेवर ८ मिलिमीटरची नळी बसवून ती इशापूरला बनू लागली. दिसायला दोन्ही सख्ख्या बहिणी, म्हणूनच येथे सर्वाधिक गल्लत होते. तिसरे, १९६२ च्या युद्धानंतरची इशापूर टू-ए: ती ७.६२ मिलिमीटर नाटो काडतुसासाठी बनवलेली असून तिचे मॅगझिन चौकोनी असते. याहून जुनी मार्टिनी-हेन्री (१८७१) मूळची .५७७/४५० ची, पण अनेक मार्टिनींवर पुढे .३०३ ची नळी चढवली गेली. स्नायडर तर स्वतःच रूपांतर होती, ठासणीच्या .५७७ एनफिल्डला मागून उघडणारी झडप बसवून ती १८६६ साली सैन्यात आली.

नळी मोजण्यासाठी शुद्ध, मऊ शिशाची गोळी नळीपेक्षा किंचित मोठी घ्यावी, नळी स्वच्छ पुसून तेलाचा हलका हात फिरवावा आणि लाकडी किंवा पितळी गजाने गोळी तोंडाकडून सावकाश पुढे ढकलावी. बाहेर आलेल्या गोळीवर नळीच्या आतल्या पिळदार खाचांचे उंचवटे उमटलेले असतात. ते मोजावेत. ली-एनफिल्डला सहसा ५ खाचा आणि डावा पीळ असतो, मार्टिनी-हेन्रीला ७ खाचा आणि उजवा पीळ, तर १८५३ च्या एनफिल्डला ३ खाचा. खाचांची संख्या विषम असेल तर एका उंचवट्यासमोर दुसरा उंचवटा येत नाही, म्हणून व्हर्नियर कॅलिपर खरे माप न दाखवता कमी दाखवतो. अशा वेळी जाडी ठाऊक असलेली पातळ पत्र्याची पट्टी गोळीभोवती घट्ट गुंडाळावी, व्यास मोजावा आणि त्यातून पट्टीची दुप्पट जाडी वजा करावी. उत्तर ०.३११ ते ०.३१४ इंच आले तर .३०३ ची शक्यता, ०.३२३ च्या आसपास आले तर .३१५ ची. फरक तिळाएवढाही नाही, पण मोठी गोळी लहान नळीत अडकली की दाब बेसुमार वाढतो आणि बोल्टच्या मागे चेहरा असतो.

एवढ्यावर निर्णय करू नये, कारण एकाच व्यासाच्या नळीला निरनिराळी चेंबरे असू शकतात. चेंबरच्या पुढे नळीत कापसाचा बोळा घट्ट बसवून कारागीर सेरोसेफ नावाचा, उकळत्या पाण्याहूनही कमी उष्णतेला वितळणारा मिश्रधातू चेंबरमध्ये ओततो. तो घट्ट झाल्यावर, अर्ध्या तासाच्या आत, तोंडाकडून गज घालून काढतो. हा धातू आधी आकसतो आणि मग हळूहळू फुगतो. सुमारे तासाभराने साच्याचे माप चेंबरशी जुळते, तेव्हाच मोजावे. काठाचा व्यास, खांदा, मान आणि एकूण लांबी ही चारही मापे घ्यावीत. .३०३ ची पुंगळी सुमारे ५६ मिलिमीटर, .३१५ ची सुमारे ५० मिलिमीटर, .५७७/४५० ची जवळपास ६० मिलिमीटर असते. काडतूस आत जाते की नाही, हे घालून पाहणे ही चाचणी नव्हे. आखूड काडतूस लांब चेंबरमध्ये बिनतक्रार जाते.

नळी आणि चेंबर यांची मापे एकाच काडतुसाकडे बोट दाखवत असतील तरच ते कॅलिबर कागदावर लिहावे. दोन्हींत मेळ नसेल, तर ‘अनिश्चित’ असेच लिहून रायफल बंद ठेवावी. कॅलिबर .३०३ किंवा ७.६२ निघाले आणि परवान्यावर दुसरे काही असेल, तर ही तफावत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेला लेखी कळवावी आणि मापांचा कागद अर्जाला जोडावा.