हेअर ट्रान्सप्लांट : केस कुठे लावायचे? या चुका टाळा

दर आठवड्याला कोणीतरी कपाळाचा फोटो पाठवून विचारतं, "दादा, किती ग्राफ्ट लागतील?" ग्राफ्ट म्हणजे मुळासकट काढून दुसरीकडे लावलेला एक ते चार केसांचा पुंजका. कुठे लावायचे हे मात्र कोणी विचारत नाही. आणि सगळी माती तिथेच होते.

सगळ्यात मोठी चूक मी स्वतः केलीय. वय 25, लग्नाचं बघणं चालू, दोन्ही कानशिलांवरचे कोपरे आत गेलेले, बाकी डोकं भरलेलं. पुण्यातल्या एका क्लिनिकमध्ये केस कपाळावर कुठून सुरू व्हायचे त्याची मार्करने रेघ मारून घेताना मीच म्हणालो की अजून खाली घ्या, कॉलेजात होती तशी. त्यांनी घेतली, पैसे मी देत होतो ना. 2800 ग्राफ्ट एकट्या त्या रेघेवर आणि कोपऱ्यांत गेले. वर्षभर काय रुबाब होता राव! मग त्या रेघेमागचे माझे मूळचे केस जायला लागले, कारण लावलेले केस टिकतात पण शेजारच्यांना ते काही वाचवत नाहीत. 31व्या वर्षी पुढे दाट पट्टा, मागे मोकळं मैदान. कुंपण आहे, शेत गायब. न्हावी पट्ट्याच्या मागे कंगवा घालून थांबला आणि हळूच म्हणाला, "साहेब, हे मधलं कुठे गेलं?"

आता हिशोब बघा. डोक्याच्या मागचे आणि बाजूचे केस हाच डोनर, आणि तिथून आयुष्यभरात साधारण सहा हजार ग्राफ्ट निघतात, कोणाचे कमी कोणाचे जास्त. काढलेला ग्राफ्ट तिथे परत उगवत नाही. वरचं सगळं टक्कल पडलं तर जागा दोनशे चौरस सेंटीमीटरच्या आसपास जाते, चौरस सेंटीमीटरला चाळीस ग्राफ्ट धरले तरी आठ हजार झाले. म्हणजे पुरणार नाहीतच, हे धरूनच रेघ मारायची. दोन भुवयांच्या मधून मोजून निदान सात-आठ सेंटीमीटर वर, आणि कोपरे थोडे आत राहू द्या, चाळिशीच्या माणसाला ते शोभतात. माझी रेघ नंतर टेपने मोजली तर साडेपाच भरली.

दुसरी माझी आवडती चिडचिड म्हणजे भोवरा. लिफ्टच्या कॅमेऱ्यात मागचं चकाकतं म्हणून पोरं आधी तिथेच लावून घेतात. अरे, भोवऱ्याचं टक्कल बाहेरच्या बाजूला गोल पसरत जातं, उद्या कडेचे केस गेले की मधे तळ्यातल्या बेटासारखा झुपका उरतो आणि भोवती रिकामं कडं. शिवाय ती जागा ग्राफ्ट नुसते गिळते. समोरचा माणूस तुमचा चेहरा बघतो, त्यामुळे आधी पुढचा भाग आणि मधला, भोवरा शेवटी. उरले तर. नाही उरले तर मुंडकं कॅमेऱ्याखाली न्यायचं नाही, संपलं.

एका बैठकीत चार-साडेचार हजार काढून घेणं : नको. पुढच्या वेळेला शिल्लक काय?

डोनरच विरळ असेल तर अजिबात नको. आधी मशीनखाली तपासून घ्या, मागचेही केस बारीक होत चाललेत का ते.

बावीस-तेविसाव्या वर्षी घाई करणाऱ्यांना मी एकच सांगतो, वर्षभर थांब. स्किनच्या डॉक्टरला दाखवून फिनास्टराइडची गोळी किंवा मिनॉक्सिडिल, ही गळती रोखायची औषधं, जे झेपेल ते चालू कर, आणि दर एक तारखेला केस ओले करून त्याच बाथरूमच्या लाईटखाली फोटो काढ. बाप, काका, मामा यांची डोकीही बघून ठेव. शंभर टक्के अंदाज नाही येत, पण पाणी कुठल्या दिशेने वाहतंय ते कळतं. यावर "दादा, गोळी आयुष्यभर घ्यायची का?" असं विचारतात. हो, चालू ठेवायची असते, सोडलीस तर गळती पुन्हा सुरू. साइड इफेक्टचं डॉक्टरशी बोल, आणि जमणारच नसेल तर रेघ अजून वर घे.

मी 34व्या वर्षी दुसऱ्यांदा बसलो, 1900 ग्राफ्ट, सगळे त्या पट्ट्याच्या मागे. भोवरा तसाच सोडलाय. न्हावी तिथे आता फक्त एक नंबर मशीन फिरवतो.